वार बरोबर, साल चुकलेलं: टूरिस्ट गाडीतल्या जीपीएस घड्याळाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका टूर्सवाल्या शेठकडच्या तीन गाड्यांची ही गोष्ट. मालक, चालक आणि ज्या कंपनीच्या ड्यूट्या ते करतात ती कंपनी, यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. तिन्ही गाड्यांत एकाच मॉडेलची नेव्हिगेशन युनिट होती, डॅशबोर्डात बसणारी, २०१० च्या आसपासची. गाड्या बदलल्या तरी शेठनं युनिट काढून नव्या गाड्यांत बसवून घेतली होती. त्यामागं ठोस कारण होतं. हे युनिट प्रत्येक प्रवासाची नोंद एसडी कार्डवर लिहितं: कुठून निघाली, कुठं थांबली, किती वाजता. कंपनीच्या ड्यूटीत गॅरेज टू गॅरेज किलोमीटर, नाइट चार्ज आणि ड्रायव्हर भत्ता याच नोंदींवरून ठरत असे. ड्यूटी स्लिपवर प्रवाशाची सही असतेच, पण वेळेवरून वाद झाला की कार्डवरची फाइल पुढे करायची, असा शिरस्ता पडलेला.

म्हणजे इथं घड्याळ शोभेचं नव्हतं. त्यावर बिल उभं होतं.

अडचण

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. एक गाडी पहाटे साडेचारला मुंबई विमानतळाच्या ड्रॉपसाठी निघाली. इगतपुरीच्या आसपास चालकाचं लक्ष पडद्याकडे गेलं, तर तारीख २८ मार्च २००४. वेळ मात्र बरोबर, नकाशा बरोबर, बाणही रस्त्यावरच. त्यानं मनावर घेतलं नाही, विमान गाठायचं होतं.

दोन दिवसांनी ऑफिसातल्या मुलानं कार्ड संगणकाला लावलं, तेव्हा त्याला दिवाळीच्या ट्रिपा सापडेचनात. फाइलींना तारखेवरून नावं पडतात आणि त्याच क्रमानं त्या दिसतात. यादीच्या शेवटी ११ नोव्हेंबर होता, पुढं काही नाही. त्यानं कार्ड खराब झाल्याचं सांगितलं. खरं तर फाइली तिथंच होत्या, यादीच्या अगदी वरच्या टोकाला, २००४ च्या नावानं.

आणखी एक लक्षण चालकांनी सांगितलं, पण कुणी त्याची सांगड तारखेशी घातली नाही. संध्याकाळी पडदा आपोआप काळसर होतो, तो आता उशिरा व्हायला लागला होता. हे युनिट सूर्यास्ताची वेळ तारखेवरून आणि ठिकाणावरून काढतं. नाशिकला नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मार्चच्या अखेरीस पावणेसातच्या सुमारास. युनिटच्या लेखी मार्च चालू होता, म्हणून पाऊण तास तो पांढरा पडदा अंधारात चालकाच्या डोळ्यांवर येत होता. घाटात ही किरकोळ बाब नाही.

पहिला उपाय आणि त्यातून वाढलेला गुंता

भाऊबीज उरकल्यावर एक गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेली. तिथं तक्रार सांगितली गेली ती एवढीच: "घड्याळ रिसेट झालंय." पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच वाटतं. रिसेट म्हटलं की कुठल्याही मिस्त्रीचा हात वायरिंगकडेच जाणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दहातल्या बहुतेक तक्रारी तिथंच संपतात.

अशा युनिटला दोन वेगळ्या लाइन लागतात. पिवळी वायर थेट बॅटरीवरून येते आणि चावी बंद असतानाही चालू राहते. तिच्यावर घड्याळ, सेव्ह केलेली ठिकाणं आणि उपग्रहांची शेवटची माहिती जिवंत राहते. लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होते. काही युरोपीय गाड्यांच्या कनेक्टरमध्ये या दोघींच्या जागा उलट असतात, त्यामुळे तयार अडॅप्टर लावला की घड्याळ दर वेळी शून्यावर येतं. दुकानात युनिट काढलं गेलं, जुने टेप लावलेले जोड सोडवले गेले, फॅक्टरी रिसेट मारला गेला. त्याच वेळी चालकानं सांगितलं की गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. त्यावर नेहमीचा तोडगा निघाला: पिवळी आणि लाल एकत्र करून दोन्ही चावीच्या लाइनवर.

फॅक्टरी रिसेटनंतर टाइम झोन पुन्हा निवडायचा होता. यादी शहरांच्या नावांची होती, भारतातलं शहर पटकन दिसलं नाही, म्हणून जवळचं म्हणून ढाका निवडलं गेलं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिची अवस्था अशी: चावी फिरवली की १ जानेवारी, बारा वाजलेले. तीन-चार मिनिटांनी उपग्रह पकडले की तारीख २००४ च्या एप्रिलात आणि घड्याळ अर्धा तास पुढं. दुकानात जाण्याआधी एक दोष होता, आता तीन झाले होते, आणि तिन्ही एकाच पडद्यावर एकमेकांत मिसळले होते.

तपास: घड्याळ किती चुकतंय?

मी स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्याआधी चालकाला एक काम दिलं. "दादा, उद्या सकाळी चावी फिरवल्यापासून पंधरा मिनिटं पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, शेजारी तुमचं घड्याळ दिसू द्या." दुसरं, उरलेल्या दोन गाड्यांत आज काय तारीख दिसते ते फोनवर विचारलं.

उत्तर आलं: दोन्हींत तीच चुकीची तारीख. त्या दोन गाड्या दुकानात गेलेल्याच नव्हत्या आणि त्यांची घड्याळं चावी बंद केली तरी रिसेट होत नव्हती. तीन वेगळ्या गाड्या, तीन वेगळ्या बॅटऱ्या, तीन वेगळी वायरिंग, आणि तिन्ही एकाच दिवशी एकाच तारखेला गेल्या. वायर अशी ठरवून तुटत नाही.

मग कॅलेंडर काढलं. २८ मार्च २००४ ला वार कोणता होता? रविवार. १२ नोव्हेंबर २०२३ लाही रविवार. मधलं अंतर मोजलं तर ७,१६८ दिवस, म्हणजे बरोबर १,०२४ आठवडे. हा आकडा जीपीएसचं काम करणाऱ्याला ओळखीचा असतो.

जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवत नाहीत. ते ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा चालू आहे ते सांगतात, आणि त्या आठवड्यातले किती सेकंद झाले ते. जुन्या संदेशात आठवड्याच्या आकड्याला दहाच बिट दिलेले आहेत, म्हणून तो ० ते १,०२३ इतकाच जातो आणि परत शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ मध्ये तो एकदा शून्यावर आला, ६-७ एप्रिल २०१९ च्या रात्री दुसऱ्यांदा, आणि पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ ची आहे.

मग ही युनिट २०१९ मध्ये न बिघडता २०२३ मध्ये का बिघडली? शेठचा पहिला आक्षेप हाच होता आणि तो रास्त होता. उत्तर रिसिव्हरच्या, म्हणजे उपग्रहांचे संदेश पकडणाऱ्या चिपच्या, फर्मवेअरमध्ये (चिपमध्ये भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे. बनवणारे आत एक आधार-आठवडा ठरवून ठेवतात, बहुधा फर्मवेअर तयार झालं त्या सुमाराचा. उपग्रहाकडून आलेला आकडा त्या आधाराहून लहान असेल तर एक फेरा जास्त झाला असं धरायचं. या युनिटमध्ये हा आधार मार्च २००४ चा असावा, म्हणजे आठवडा १,२६४, उपग्रहाच्या भाषेत २४०. शनिवारी, ११ नोव्हेंबरला, उपग्रह २३९ सांगत होते. २३९ हा २४० हून लहान, म्हणून २,०४८ मिळवले, २,२८७ वा आठवडा, बरोबर तारीख. नवा आठवडा लागला, आकडा २४० झाला, आणि युनिटनं १,०२४ च मिळवले. आली २००४ ची तारीख.

युनिट २०१० च्या आसपासचं असलं तरी आतली चिप आणि तिचं फर्मवेअर त्याहून जुनं असू शकतं, हे यातून कळतं. खरेदीच्या बिलावरून या दोषाचा अंदाज बांधता येत नाही.

हे सगळं अजून तर्कच होतं. पुरावा विमानतळाच्या त्या ड्रॉपच्या फाइलीत मिळाला. रिसिव्हर दर सेकंदाला एक ओळ लिहितो, तीत आंतरराष्ट्रीय वेळ सहा आकड्यांत आणि तारीख दिवस-महिना-वर्ष अशी सहा आकड्यांत असते. भारतीय वेळेपेक्षा ती साडेपाच तास मागं, म्हणून पहाटे साडेपाचला तिथं मध्यरात्र होते. एका ओळीत वेळ २३५९४१ आणि तारीख ११११२३ अशी, म्हणजे ११ नोव्हेंबर २०२३. पुढच्याच ओळीत वेळ २३५९४२ आणि तारीख २७०३०४.

मध्यरात्रीला अजून अठरा सेकंद होते. माझ्या दृष्टीनं शंका तिथं संपली. जीपीएसचा स्वतःचा काळ लीप सेकंद (आंतरराष्ट्रीय वेळेत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) धरत नाही, त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून तो आंतरराष्ट्रीय वेळेच्या अठरा सेकंद पुढं आहे आणि त्याचा आठवडा अठरा सेकंद आधी लागतो. गाडीतल्या घड्याळानं, बॅटरीनं किंवा ढिल्या वायरनं तारीख पाडली असती, तर ती कधीही पडली असती. नेमकी २३:५९:४२ ला पडली, म्हणजे ती उपग्रहाचा आठवडा बदलताना पडली.

ठिकाण का चुकलं नाही, हेही यातूनच उलगडतं. जागा काढायला आठवड्यातले सेकंद आणि उपग्रहांच्या कक्षेची ताजी माहिती पुरते. साल चुकलं तरी बाण रस्त्यावर राहतो, आणि म्हणूनच "जीपीएस तर नीट चालतंय" असं म्हणून लोक दोष दुसरीकडे शोधत बसतात.

उरलेली दोन लक्षणं मग सोपी होती. व्हिडिओत घड्याळ बरोबर तीस मिनिटं पुढं होतं. ढाका सहा तास पुढं, आपण साडेपाच, फरक अर्धा तास. तिसरं मल्टिमीटरनं सापडलं: चावी बंद केल्यावर पिवळ्या वायरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, तिथं शून्य होतं. उपग्रह पकडायला लागणारा उशीरही त्यातलाच. आठवण पुसली गेल्यामुळे युनिट दर वेळी आंधळेपणानं आकाश शोधत होतं.

पर्याय

हातानं तारीख घालायची, ही पहिली सूचना. तिचा उपयोग पुढच्या वेळी उपग्रह मिळेपर्यंतच, मग युनिट ती पुन्हा २००४ वर नेतं. सेटिंगमध्ये उपग्रहावरून वेळ घेणं बंद करता येत होतं, पण त्यानं फक्त पडद्यावरचं घड्याळ सुधारतं. कार्डवरच्या ओळी रिसिव्हरकडून येतात, त्या तशाच चुकीच्या राहतात. शिवाय उपग्रहाचा आधार सुटला की घड्याळ आतल्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतं. हा क्रिस्टल २५ अंशाच्या आसपास सर्वात नेमका असतो. उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्ड साठ अंशांवर गेला की तो दिवसाला तीन-चार सेकंदांच्या गतीनं मागं पडू शकतो. पडद्यावर बघायला ठीक, नोंदीला नाही.

वाट पाहायची, असा आग्रह शेठच्या पुतण्याचा होता. त्यानं वाचलेलं खोटं नव्हतं: जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि अॅक्युराच्या बऱ्याच जुन्या गाड्यांची घड्याळं २००२ सालात गेली होती आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती आपोआप ताळ्यावर आली. पण तिथं तासही भलतेच दिसत होते. आपल्याकडे चूक नेमकी १,०२४ आठवड्यांची आहे, वेळ बरोबर आहे आणि आधार-आठवडा फर्मवेअरमध्ये कोरलेला आहे. तो बदलल्याशिवाय ही चूक जाणार नाही. दोन आजारांचा ताप सारखा दिसला तरी औषध एक नसतं.

फर्मवेअर अपडेट हाच खरा इलाज. बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा विभागाला मॉडेल नंबर आणि त्या दोन ओळी पाठवल्या. उत्तर आलं की या मॉडेलचा सपोर्ट बंद झाला आहे. इंटरनेटवर त्याच मॉडेलच्या नावानं एक फाइल मिळत होती. ती घालायला मी स्पष्ट नकार दिला. कुठून आली माहीत नाही अशी फाइल अर्ध्यात अडकली, तर आज तारीख चुकवणारं युनिट उद्या नकाशाही दाखवणार नाही.

राहिले दोन मार्ग: नवी युनिट घेणं, किंवा नोंदी बाहेर काढून तारीख दुरुस्त करणं.

काय केलं

सगळ्यात आधी तिन्ही कार्डांची जशीच्या तशी प्रत घेतली. याची घाई होती. कार्ड भरलं की हे युनिट सर्वात जुनी फाइल स्वतःहून पुसतं, आणि त्याच्या लेखी सर्वात जुन्या फाइली म्हणजे २००४ च्या, म्हणजे खरं तर कालच्या. एका कार्डात जागा संपत आली होती. आणखी थोडे दिवस गेले असते, तर दिवाळीच्या हंगामाच्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या.

मग पिवळी वायर स्वतंत्र फ्यूज टाकून पुन्हा बॅटरीवर नेली. त्याआधी उभ्या गाडीचा करंट मोजला, कारण बॅटरी उतरण्याची तक्रार खरी होती. एकूण ओढ साधारण पन्नास मिलीअँपिअरच्या आत हवी, ती बरीच वर होती. दोष डॅशकॅमच्या चार्जरचा निघाला, तो थेट बॅटरीवर जोडलेला होता. तो चावीच्या लाइनवर घेतला. युनिट बिचारं विनाकारण बदनाम झालं होतं. टाइम झोन यादीत खाली शोधून भारताचा लावला.

नोंदींसाठी स्प्रेडशीटमध्ये साधा नियम केला: मूळ तारीख एका रकान्यात, शेजारी त्यात ७,१६८ दिवस मिळवलेली, आणि साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ. मूळ रकाना पुसायचा नाही, हा माझा हट्ट होता. बिलाच्या पुराव्यात दुरुस्ती दिसली पाहिजे, लपली नाही पाहिजे.

ड्यूट्या देणाऱ्या कंपनीच्या अकाउंट्सनं मात्र २००४ च्या फाइलीवर बिलं परत केली होती, आणि कुणीतरी येऊन दिवसांची बेरीज सांगतंय यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? बाहेरचा साक्षीदार लागणार होता. तो फास्टॅगच्या रूपात हाताशी होता. मुंबईच्या प्रत्येक फेरीत घोटीच्या टोलवरून गाडी जाते, आणि फास्टॅगच्या खात्यात त्या क्षणाची तारीख-वेळ पडते. नोंदीतली गाडी घोटीच्या नाक्यावर कधी होती ते काढलं, दुरुस्त केलेल्या वेळेशेजारी फास्टॅगची वेळ मांडली. दिवस प्रत्येक फेरीत जुळला, वेळही मिनिटाच्या आसपास. बिलासोबत हे पान आणि अर्ध्या पानाचं साध्या भाषेतलं स्पष्टीकरण गेलं.

परिणाम

अडकलेली बिलं सुटली. कंपनीनं पुढच्यासाठी अट घातली की दुरुस्त केलेल्या नोंदी हंगाम संपेपर्यंतच चालतील. दोन गाड्यांत नवी युनिट बसली. तिसऱ्या गाडीत जुनं युनिट आजही आहे: नकाशासाठी उत्तम, पडद्यावरचं घड्याळ हातानं लावलेलं, आणि चालक आठवड्याला एकदा ते मोबाइलशी जुळवतो. तिची नोंद बिलाला वापरत नाहीत. पडद्याचा रात्रीचा रंग आपोआप न ठेवता दिव्यांच्या स्विचला जोडून दिला, म्हणजे हेडलाइट लावले की पडदा काळसर. तारखेचा संबंधच तुटला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी चालकानं पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला असता, तर तिन्ही गाड्यांचं एकच दुखणं आहे हे त्याच सकाळी दिसलं असतं आणि दुकानाची फेरी वाचली असती. दुकानात तक्रार सांगताना "रिसेट झालंय" ऐवजी "तारीख २००४ ची, वेळ आणि वार बरोबर" असं म्हटलं असतं, तरी मिस्त्रीनं कदाचित पॅनेल उघडलंच नसतं. घड्याळ किती चुकतंय, हे मापच निदान असतं. पूर्ण अर्धा-एक तास असेल तर टाइम झोन. चावीबरोबर सुरुवातीच्या तारखेवर येत असेल तर पिवळी वायर. रोज थोडे सेकंद मागं पडत असेल तर क्रिस्टल. चालू केल्यावर काही सेकंदांचा फरक दिसून थोड्या वेळानं आपोआप मिटत असेल, तर लीप सेकंदाची माहिती यायची होती, तिला साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात. आणि वार तोच राहून साल वीसेक वर्षं मागं गेलं असेल, तर वायरिंगला हात लावू नये.

फॅक्टरी रिसेट मारण्याआधी सेटिंगचे फोटो काढायला हवे होते. त्या गाडीत गिऱ्हाइकांच्या घरांची सेव्ह केलेली ठिकाणं कायमची गेली, आणि चालकाला त्याचं दुःख तारखेपेक्षा जास्त झालं.

एका निर्णयावर माझं आणि शेठचं अजूनही एकमत नाही. त्यांच्या मते तिन्ही युनिट तेव्हाच बदलायला हवी होती, हिशेबाची कटकट वाचली असती. मला वाटतं, दुरुस्त नोंदी करून आधी अडकलेले पैसे सोडवले ते बरं झालं, कारण नवी युनिट बसली तरी जुन्या फाइलींचा प्रश्न तसाच राहिला असता. नवी घेताना मात्र दुकानदाराला दोन गोष्टी विचारायला लावल्या: फर्मवेअर यूएसबीवरून अपडेट होतं का, आणि शेवटचा अपडेट कोणत्या वर्षाचा. पहिल्या दुकानात दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, म्हणून युनिट दुसरीकडून घेतली.